लाटेतली खाच

"ही खाच दिसते का तुम्हाला?" सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पडदा माझ्याकडं वळवून विचारलं.

मला आधी नुसत्या लाटा दिसल्या. ओळीनं उभ्या, एकीसारखी दुसरी. मग त्यांनी पडद्यावरचा बाण नेमका नेऊन ठेवला. प्रत्येक लाट वर चढून खाली उतरताना एका ठिकाणी कुणीतरी चिमटा काढल्यासारखी आत गेली होती. मी शिलाईकाम करणारी बाई. कापडावरची सुरकुती एकदा डोळ्यात भरली की मग मला दुसरं काही दिसत नाही. त्या दिवशी तसंच झालं.

"ह्याला नॉच म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या गर्भाशयाकडं रक्त नेणाऱ्या वाहिन्या ह्या महिन्यापर्यंत रुंद आणि सैल व्हायला हव्या होत्या. त्या अजून घट्ट आहेत. रक्ताला आत शिरताना अडथळा होतोय."

माझा बाविसावा आठवडा चालू होता. मी विचारलं, "म्हणजे मागच्यासारखंच होणार?"

त्यांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं आणि सरळ माझ्याकडं बघून सांगितलं, "तसं ही खाच सांगत नाही. धोका जास्त आहे, लक्ष ठेवा, एवढंच सांगते. बऱ्याच जणींना खाच दिसते आणि पुढं काहीही होत नाही. पण मागच्या वेळी आपल्याला आधी काही कळलं नव्हतं. ह्या वेळी कळलंय."

ते शेवटचं वाक्य मी पोटाशी धरून खोलीबाहेर आले.

माझं नाव वैशाली. कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझं टी-शर्ट शिवायचं दुकान आहे. पेठेतले फुटबॉल क्लब आणि त्यांचे पाठीराखे हेच माझं गिऱ्हाईक. मिस्टर सुहास शाळेत खेळाचे शिक्षक आहेत आणि सुट्टीच्या दिवशी सामन्यांना पंच म्हणून उभे राहतात. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. आत्ती मूळच्या मुरगूडच्या. ऊस, म्हशी आणि तोंडावर बोलणं ह्यात त्यांची सगळी हयात गेलेली.

तीन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. डोकं दुखत होतं, हातापायांना सूज होती. मला वाटलं, गरोदरपणात हे चालायचंच. लग्नसराईत टी-शर्टांबरोबर ब्लाउजही शिवत होते, बसून बसून पाय सुजत असतील म्हणून सोडून दिलं. तपासायला गेले तेव्हा बीपी खूप वाढलं होतं आणि बाळाचे ठोके थांबले होते. त्या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. गरोदरपणात रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, आणि आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. हा शब्द मला माझं बाळ गेल्यावर समजला. तुम्हाला तो आधी माहीत असावा म्हणून हे लिहायला बसले आहे.

म्हणून दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी बाराव्या आठवड्यापासूनच अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली होती आणि डॉपलर करायचं ठरवून ठेवलं होतं. साध्या सोनोग्राफीत बाळाचं शरीर दिसतं. डॉपलरमध्ये रक्त किती वेगानं आणि कुठल्या दिशेनं धावतंय ते कळतं. यंत्र तेच, पोटावर थंडगार जेल लावून फिरवायची पद्धतही तीच. पडद्यावर मात्र लाल आणि निळे रंग उमटतात. माझा समज होता की लाल म्हणजे चांगलं रक्त आणि निळं म्हणजे खराब. तसं काही नसतं. ते फक्त रक्ताची ये-जा दाखवतात.

बाहेर आत्ती पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"बाळाकडं रक्त कमी जाण्याची भीती आहे म्हणाले."

"मग बीट खा की! त्येला मशीन कशाला पायजे?"

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात बिटाची कोशिंबीर, बिटाची भाजी आणि बिटाचे पराठे झाले. सुहास एकदा जेवताना हळूच म्हणाले, "आई, रक्त तिला कमी न्हाय, वाट अरुंद हाय." आत्तींनी त्यांच्याही ताटात बीट वाढलं.

आत्तींची खरी भीती मात्र वेगळी होती. एके दिवशी दुकानात येऊन त्या माझ्या मशीनशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "सारखं सारखं ते मशीन लावत्यात. पोराला आतनं भाजंल का गं?" हसू आलं नाही मला, कारण तीच भीती माझ्याही मनात होती. मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी तुम्हीच आत चला आणि विचारा.

त्यांनी विचारलं. खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या, नमस्काराच्याही आधी. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी त्यांना स्टूल दिलं. "आजी, हा आवाज असतो. आपल्याला ऐकू न येणारा. एक्स-रे नव्हे. गरज असेल तेवढंच आणि थोडाच वेळ लावतो आम्ही." मग मी दरवेळी करते तशी फॉर्मवर सही केली. बाळ मुलगा आहे की मुलगी हे विचारणार नाही आणि सांगितलं जाणार नाही, असा तो फॉर्म. आत्ती म्हणाल्या, "मला काय बी चालतंय. जितं असू दे."

त्या एका वाक्यावर मी भिंतीकडं तोंड केलं.

डॉक्टरांनी नाळेतला प्रवाह दाखवला, आवाज मोठा केला. फुस्स, फुस्स, फुस्स. आत्ती स्टुलावर पुढं सरकल्या. डॉक्टर सांगू लागले की आईच्या रक्तातून वारेला, म्हणजे गर्भाशयाला चिकटलेल्या प्लासेंटाला मिळतं, वारेतून नाळेवाटे बाळाला मिळतं, आणि मधल्या वाहिन्या घट्ट असल्या तर शेवटपर्यंत पोचत नाही.

"म्हंजे हिरीत पाणी हाय, पर पाट बुजलाय," आत्ती म्हणाल्या. "शेवटच्या सरीला भिजंना."

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. "आजी, मी एवढी वर्षं पेशंटना समजावतोय, इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही."

त्या दिवसापासून बीट बंद झालं, आणि आत्ती डॉपलरच्या बाजूनं बोलायला लागल्या.

आमच्या हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमध्ये निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चार रांगा आहेत. आठवड्याला एकदा, पुढं आठवड्याला दोनदा मी तिथं बसले आहे. नंबर यायला दीड-दोन तास लागायचे. आत्ती पहिल्या अर्ध्या तासात शेजारणीची चौकशी पूर्ण करायच्या आणि उरलेला वेळ शिकवण्यात घालवायच्या. "पावणं, घाबरायचं काय काम न्हाय. आत पाण्याचं प्रेशर बघत्यात. लाट उतरली तरी तळाला टेकायची न्हाय, एवढं ध्यानात ठेवा." एकदा एका बाईचा नवरा त्यांना डॉक्टरच समजला आणि रिपोर्ट घेऊन पुढं आला. आत्तींनी चष्मा लावून तो उलटा धरला, गंभीरपणे बघितला आणि म्हणाल्या, "आत दावा."

अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळाची वाढ मागं पडल्याचं दिसलं. ह्याला ग्रोथ रिस्ट्रिक्शन म्हणतात, म्हणजे बाळ जेवढं वाढू शकलं असतं तेवढं त्याला वाढायला मिळत नाही. नाळेतल्या लाटांचा तळही खाली आला होता. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात बाळाकडून वारेकडं रक्त वाहत राहायला हवं. ते वाहत होतं, पण कमी.

मॅडमनी बीपीचं यंत्र घरी ठेवायला सांगितलं. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं. डोकं दुखलं, डोळ्यांपुढं ठिपके आले, चेहरा सुजला, बरगडीखाली दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर फोनवर विचारत बसायचं नाही, सरळ यायचं. ही यादी सुहासनी फ्रिजवर चिकटवली आणि वर लाल पेनानं लिहिलं, "ह्यात अपील न्हाय."

त्याच दिवसांत यास्मिनची ओळख झाली. ती कुरुंदवाडची, पहिलटकरीण. तिचंही बाळ लहान होतं, जवळजवळ माझ्या बाळाएवढंच. तिची अम्मी सोबत यायची. यास्मिनला वाटायचं, आपण दोघी एकाच नावेत आहोत. आम्ही एकमेकींचे फोन नंबर घेतले आणि रोज बोलायला लागलो. बाळानं लाथ मारली की ती मला मेसेज करायची, "मारली!" मी उलट लिहायची, "इकडं पेनल्टी!"

पण डॉपलरनं आम्हा दोघींना वेगळं काढलं. तिच्या लाटा प्रत्येक वेळी चांगल्या यायच्या. मॅडमनी तिला सांगितलं, "तुझं बाळ अंगानंच लहान आहे. तू लहान चणीची, तुझी अम्मीही. रक्त व्यवस्थित पोचतंय. घाई करायची नाही, दिवस भरू द्यायचे." तिला आनंद झाला आणि लगेच माझ्याकडं बघून तो आनंद लपवावासा वाटला. मी तिला जवळ ओढलं. दोन पोटं मध्ये असताना मिठी मारणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. आम्ही दोघी हसायला लागलो आणि सिस्टर ओरडली, "वेटिंगमध्ये आवाज कमी!"

वजन सारखं असूनही तिला थांबायचं होतं आणि मला कदाचित थांबून चालणार नव्हतं. हे फक्त त्या लाटांवरून कळलं. नुसतं वजन बघितलं असतं तर एकीच्या बाबतीत चूक झाली असती.

तिसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी बाळाच्या डोक्यातली वाहिनी तपासली. तिला मिडल सेरेब्रल आर्टरी म्हणतात. तिथला प्रवाह वाढला होता. मला वाटलं, चला, एक तरी बातमी चांगली. डॉक्टर म्हणाले, "बाळाला कमी मिळतंय, म्हणून ते आहे त्यातलं रक्त आधी मेंदूकडं वळवतंय. स्वतःला सांभाळतंय. पण सांभाळावं लागतंय, हे आपल्यासाठी लक्षण आहे."

आत्ती म्हणाल्या, "बघा, पोटात असतानाच व्यवहार कळाया लागला!"

ही त्यांची पद्धत. वाईट बातमीला त्या आधी एक टपली मारायच्या आणि मगच तिच्याकडं बघायच्या. माझ्याही अंगात ते हळूहळू उतरलं. तोपर्यंत मी दर तपासणीआधी रडून घ्यायची. त्यानंतर आम्ही दोघी तपासणीआधी कोपऱ्यावरच्या गाड्यावर उभं राहून ताक प्यायला लागलो.

बत्तिसाव्या आठवड्यात नेहमीसारखी टेबलावर झोपले. जेल, यंत्र, आवाज. फुस्स. फुस्स. मला काही वेगळं वाटलं नाही. आत्तींनी मान वाकडी केली.

"डॉक्टर, मधी आवाज तुटतोय की."

डॉक्टरांनी आवाज वाढवला. त्यांनी जागा बदलून पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग म्हणाले, "बरोबर ऐकलंत, आजी."

पडद्यावर लाट उतरली की तळाला टेकत होती. पुढच्या ठोक्यापर्यंत तिथं काहीच नव्हतं, सपाट जागा. ह्याला ॲब्सेंट एंड डायस्टॉलिक फ्लो म्हणतात. दोन ठोक्यांच्या मध्ये नाळेतला प्रवाह थांबतो. मला तो शब्द समजायची गरज पडली नाही. आत्तींनी माझा हात धरला होता आणि त्यांची बोटं थंड पडली होती.

मॅडम पाच मिनिटांत आल्या. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे लिहिते. "वैशाली, आजपासून तू इथं राहायचं. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं देऊ, चोवीस तासांच्या अंतरानं. रोज डॉपलर, रोज ठोक्यांचा आलेख. बाळाच्या हृदयाजवळची डक्टस व्हिनोसस नावाची शीर अजून चांगली आहे, म्हणजे त्याचं हृदय थकलेलं नाही. आत राहिलेला एकेक दिवस बाळाच्या कामाचा आहे. पण आत राहणं बाहेर येण्यापेक्षा धोक्याचं झालं, की मी त्याच तासाला बाहेर काढीन. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण इतका ठाम कसा निघाला ते कळलं नाही.

ते आठ दिवस मला आयुष्यातले वाईट दिवस म्हणून आठवायला हवेत. तसे ते आठवत नाहीत. रोज सकाळी सिस्टर पोटाला पट्टा बांधायची. ह्या तपासणीला एनएसटी म्हणतात. बाळ हलतं तेव्हा त्याचे ठोके वाढतात का हे वीस मिनिटं कागदावर उमटतं. त्या वीस मिनिटांत बाळ नेमकं झोपायचं. मग सिस्टर पोटावर टिचकी मारून म्हणायची, "उठा राव, हजेरी चाललीय." दुपारी सुहास शाळेतून यायचे. एकदा त्यांनी माझ्या दुकानातल्या उरलेल्या मऊ कापडाचे तुकडे, सुई आणि दोरा आणला, कारण मी रिकामी बसले की विचार करते हे त्यांना ठाऊक होतं. मी हातानं टोप्या शिवायला घेतल्या. लिंबावर बसतील एवढ्या. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन क्लबांचं कापड आलं होतं, म्हणून अर्धी टोपी ह्या रंगाची आणि अर्धी त्या. सुहास म्हणाले, "बरोबर हाय. पंचाचं पोर हाय, बाजू घ्यायची न्हाय."

नवव्या दिवशी रविवार होता आणि दुपारी मोठा सामना होता. सुहास जायला तयार नव्हते. सकाळचं बीपी ठीक होतं, मीच त्यांना लावून दिलं.

दुपारी साडेतीनला डोकं जड झालं. सिस्टरनं बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि भरभर चालत गेली. आलेखात बाळाचे ठोके दोनदा घसरले. मॅडम आल्या, कागद हातात घेऊन उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाल्या, "आज. आत्ता. तेहतीस आठवडे पूर्ण झालेत, इंजेक्शनं लागू झालीत. ह्याहून चांगली वेळ आपल्याला मिळणार नाही."

मला बीपी खाली आणायचं औषध सुरू झालं. आत्तींनी सुहासना फोन लावला. फोन मैदानाबाहेर बॅगेत होता. त्या लावत राहिल्या. शेवटी मध्यंतराला त्यांनी उचलला तेव्हा आत्ती सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुहास, तुझी शिट्टी दे कुणाकडं तरी आणि पळत ये!"

शिट्टी देऊन यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. दुसऱ्या हाफसाठी चौथ्या पंचाला उभं करून ते तसेच आले. काळी हाफ चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, गळ्यात शिट्टी, खिशात लाल आणि पिवळं कार्ड. ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरनं त्यांना अडवलं. "ओ पावणं, बूट! ते खिळ्याचे बूट घेऊन कुठं आत?"

ते मोज्यांवर माझ्या स्ट्रेचरजवळ आले. संमतीच्या कागदावर त्यांनी तारखेच्या जागी सही आणि सहीच्या जागी तारीख लिहिली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही आधी खाली बसा." मी त्यांना विचारलं, "स्कोअर काय झालाय?"

"शून्य-शून्य," ते म्हणाले आणि रडायला लागले.

पाठीत इंजेक्शन दिल्यावर छातीखालचं काही कळेना. हिरवा पडदा, त्याच्या पलीकडं हलणारे हात, मॅडमचा शांत आवाज. मग कुणीतरी म्हणालं, "आलं." मी ऐकत राहिले. एक, दोन, तीन. मांजराच्या पिल्लासारखं बारीक काहीतरी ओरडलं. बालरोगतज्ज्ञांनी बाळाला क्षणभर माझ्या गालाशी आणलं. ओलं, गरम, तळहाताएवढं तोंड.

"मुलगी आहे. तेराशे चाळीस ग्रॅम. स्वतःहून रडली, बरं का."

मॅडमनी नंतर वार दाखवली. लहान होती आणि जागोजागी कडक, पांढुरकी झालेली. "अजून थोडे दिवस थांबलो असतो तर," त्या म्हणाल्या आणि ट्रे झाकला.

बाहेर आत्तींना सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. "पोरगी हाय व्हय! मग आता काळजी न्हाय. पोरी चिवट असत्यात." आणि निळ्या खुर्च्यांमधल्या सगळ्यांना, ओळख असो नसो, साखर वाटली. पेढे आणायला वेळ नव्हता म्हणून हॉस्पिटलच्या कँटीनमधून वाटीभर मागून आणली होती.

तिचं नाव आम्ही रेवा ठेवलं. ती सव्वीस दिवस एनआयसीयूमध्ये होती. एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. पहिले दोन दिवस नाकातून हलक्या दाबानं हवा दिली, मग ती स्वतः श्वास घ्यायला लागली. दूध नळीनं पोटात जायचं, सुरुवातीला एका वेळी दोन मिली. मी पहिल्यांदा पाच मिली दूध काढून वाटी घेऊन गेले तेव्हा मला जग जिंकल्यासारखं वाटलं. सिस्टर म्हणाली, "वा, अडीच जेवणं झाली की!" मधे एकदा तिला कावीळ झाली, निळ्या दिव्याखाली ठेवलं. एकदा श्वास घ्यायला विसरली. लवकर आलेली बाळं असं विसरतात. सिस्टरनं तळपायाला हळूच चोळलं आणि तिला आठवलं. त्या दिवशी मी काही खाल्लं नाही. पुढं तिच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली. लवकर जन्मलेल्या बाळांची ती वेळेवर करून घ्यावी लागते, तुम्हीही विसरू नका.

आठव्या दिवसापासून कांगारू केअर सुरू झालं. बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं. त्यानं बाळ उबदार राहतं, ठोके स्थिर होतात, वजन वाढतं. बाबांनीही करायचं म्हटल्यावर सुहास लाजले. मग खुर्चीत टेकून बसले आणि सिस्टरनं रेवाला त्यांच्या छातीवर ठेवलं, डोक्यावर ती दोन रंगांची टोपी. मैदानावर दीड तास न थांबता पळणारा हा माणूस दोन तास बोटसुद्धा न हलवता बसला. नाकावर माशी बसली तरी हात उचलेना. मी जवळ गेले तेव्हा ते कुजबुजत होते. कान देऊन ऐकलं. ते तिला ऑफसाइडचा नियम समजावत होते.

ती झोपली होती. आम्हालाही तो नियम कळत नाहीच.

रेवा घरी आली त्यानंतर दहा-बारा दिवसांनी यास्मिनला दिवस भरून मुलगा झाला. अंगानं बारीक, आवाजानं दणदणीत. फोनवर ती म्हणाली, "वैशूताई, माझा थांबला म्हणून बरा झाला, तुझी आली म्हणून बरी झाली." तिच्या अम्मीनं कुरुंदवाडहून आमच्यासाठी कवठाची बर्फी पाठवली. आत्तींनी डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात डिंकाचे लाडू भरले. तो डबा अजून दोन्ही घरांत फिरतोय.

हे वाचणारी कुणी आत्ता वेटिंग हॉलमध्ये नंबरची वाट बघत असेल तर तिला मला एवढंच सांगायचं आहे. रिपोर्टमध्ये न कळणारा शब्द दिसला तर विचारा. आपल्याला समजेल अशा भाषेत सांगा म्हणा. लाज वाटत असेल तर घरातलं सगळ्यात मोठ्यानं बोलणारं माणूस सोबत न्या. डॉपलर वाहिन्या रुंद करत नाही, औषध देत नाही. किती दिवस थांबायचं आणि कधी थांबायचं नाही, हे ठरवायला मात्र तो माझ्या डॉक्टरांच्या हातात होता. त्या दोघा डॉक्टरांचे, पोटावर टिचकी मारणाऱ्या सिस्टरचे आणि रेवाला श्वासाची आठवण करून देणाऱ्या त्या सिस्टरचे उपकार मी कशानं फेडू ते मला कळत नाही. रेवाला घेऊन दर महिन्याला भेटायला जाते, तेवढंच.

गेल्या महिन्यात तिला लशीसाठी नेलं होतं. टेबलावरची सिस्टर नवीन होती. तिनं मान खाली घालूनच कार्ड भरायला घेतलं.

"कितवं बाळ?"

पहिलं बाळ गेल्यापासून ह्या प्रश्नाला मी घाबरत आले आहे. पहिलं म्हटलं तर त्या लेकराला नाकारल्यासारखं वाटतं. दुसरं म्हटलं तर पुढचे प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरं देताना माझा आवाज जातो. रेवाच्या वेळी दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

"दुसरं," मी म्हटलं.

"पहिलं केवढं?"

"ते राहिलं नाही. सातव्या महिन्यात गेलं. पण त्याच्यामुळंच हिच्याकडं पहिल्यापासून लक्ष ठेवता आलं. म्हणून ही आहे."

सिस्टरनं पेन थांबवून वर बघितलं. मी रडत नव्हते. आवाजही नीट निघाला होता. तिनं कार्डावर "दुसरं" असं लिहिलं, त्याखाली ठसठशीत रेघ ओढली आणि रेवाची मांडी धरून सुई टोचली.

रेवानं एक क्षण माझ्याकडं अविश्वासानं बघितलं. मग तिनं असा काही सूर लावला, की रांगेतली सगळी बाळं एकदम गप्प होऊन तिच्याकडं बघायला लागली.